घरच्या वाइन ग्लासच्या कारखान्याची सूत्रं हाती घेताना

ऑस्ट्रियात टिरोल प्रांतात कुफस्टाइन नावाचं गाव आहे. इन नदीचा काठ, डोक्यावर किल्ला, आणि जर्मनीची हद्द हाकेच्या अंतरावर. वाइन ग्लाससाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या रीडल घराण्याचा कारखाना या गावात आहे. घराणं आपला काचधंदा 1756 पासूनचा सांगतं, आणि आज तो अकराव्या पिढीतले माक्सिमिलियान रीडल चालवतात. 'अकरा पिढ्या' ऐकलं की आपल्याला वाटतं, एकच माल, एकच पद्धत, बापाकडून मुलाकडे आली असणार. प्रत्यक्षात या घराण्याने मूळ गाव गमावलं, मूळ कारखाना गमावला आणि माल तर कितीदा तरी बदलला. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, त्यांनी खिडक्यांच्या काचा केल्या, मणी केले, रंगीत काच केली. वाइन ग्लास हा मुख्य माल झाला तो शेवटच्या तीन पिढ्यांत.

तुमच्या घरचा असा कारखाना असेल, किंवा काचेचा नसला तरी हातकारागिरीवर चालणारा महागड्या मालाचा धंदा असेल आणि आता सूत्रं तुमच्याकडे येणार असतील, तर काय कोणत्या क्रमाने करावं ते पुढे लिहिलं आहे. काय जपायचं आणि काय बिनदिक्कत बदलायचं, हे वेळेत ओळखणं हेच मालकाचं मुख्य काम. बाकीच्या कामांना माणसं मिळतात.

पहिलं काम: भट्टीशी ओळख

ऑफिसच्या खुर्चीत बसण्याआधी काही महिने भट्टीवर काढा. फुंकायला शिकलाच पाहिजेत असं नाही. त्याला वर्षं जातात. पण काय बिघडतं, कुठे बिघडतं आणि त्याचे पैसे कोण भरतं, हे डोळ्यांनी पाहिलेलं असावं.

वाळू, पोटॅश किंवा सोडा आणि चुना यांचं मिश्रण साधारण 1400 ते 1500 अंश सेल्सिअसला वितळतं. वाळूत लोह जरा जास्त असलं की काच हिरवट दिसते. म्हणून अशा कारखान्यात वाळूची खरेदी हा मालकाने स्वतः पाहायचा विषय आहे. काच वितळल्यावर ती थोडी थंड करून कामाच्या तापमानाला आणतात. मग कारागीर पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर काचेचा गोळा उचलतो, फुंकतो आणि पाण्यात भिजवलेल्या लाकडी साच्यात फिरवत राहतो. ओल्या लाकडाची वाफ काच आणि साचा यांच्यामध्ये पातळ थर धरते, म्हणून काचेवर साच्याचा ओरखडा उठत नाही. साचा मात्र हळूहळू जळत जातो. त्याचा आकार एका मर्यादेपलीकडे सैल झाला की तो फेकायचा, कितीही जीव तुटला तरी.

आता बघण्यासारखा भाग. चांगल्या ग्लासची दांडी चिकटवलेली नसते. वाटीच्या बुडाशी थोडी काच राखलेली असते, ती तापलेली असतानाच चिमट्याने धरून खाली ओढतात. हाताचा वेग जरा चुकला की दांडी मध्येच बारीक होते. मग खाली काचेचा लहान गोळा लावून चपटा करतात, ती बैठक. एक ग्लास टोळीतल्या चार-सहा हातांखालून जातो आणि प्रत्येकाला मिळणारा वेळ सेकंदांत मोजायचा. तो बोगद्यासारख्या भट्टीत हळूहळू थंड करतात; साधारण 500 अंशांपासून खाली, घाई न करता. घाई केली तर आत ताण राहतो आणि ग्लास आठवड्याभराने, कोणी हात न लावता, कपाटात तडकतो. शेवटी वरची टोपीसारखी जास्तीची काच कापून कड घासतात आणि आगीवर गुळगुळीत करतात.

हे सगळं पाहिलं की दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, भट्टी संध्याकाळी बंद करून सकाळी पेटवता येत नाही. ती रात्रंदिवस, सणासुदीला, मंदीतही जळत राहते. 2022 मध्ये युरोपात गॅसचे भाव भडकले तेव्हा काचवाल्यांची झोप उडाली ती यामुळेच. दुसरी, खर्च ठरतो नापास मालावर. समजा दिवसाला 100 ग्लास फुंकले आणि 70 पास झाले, तर दिवसाचा सगळा खर्च त्या 70 जणांनीच उचलायचा असतो. 70 चे 80 झाले तर जवळपास फुकटात नफा वाढतो. नापास ग्लास पुन्हा वितळवता येतो हे खरं, पण त्यावर खर्च झालेली मजुरी आणि गॅस परत येत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून नापासची वही ठेवा. बुडबुडा, काचेतली रेघ, न वितळलेला खडा, वाकडी दांडी, डुगडुगणारी बैठक, कडेचा टवका: प्रत्येकाचा वेगळा रकाना. कोणत्या टोळीचा, कोणत्या साच्याचा, कोणत्या पाळीचा, तेही लिहा. बुडबुडे वाढले तर दोष भट्टीचा किंवा मिश्रणाचा. वाकड्या दांड्या वाढल्या तर माणूस थकलाय किंवा नवीन आहे. वहीत नाव लिहिलं म्हणजे कापाकापी करायची असा अर्थ कारागिरांनी घेतला, तर दुसऱ्या आठवड्यापासून वही खोटं बोलू लागेल. म्हणून सुरुवातीलाच सांगा की या वहीवरून कोणाचा पगार कापला जाणार नाही, आणि तो शब्द पाळा.

माल तपासायला स्वतः शिका. ग्लास सपाट काचेच्या टेबलावर ठेवून बोटाने हळूच फिरवा, डुगडुग लगेच कळते. पांढऱ्या दिव्यासमोर आडवा धरून रेघा बघा. कडेवरून बोट फिरवा: स्वस्त ग्लासला कडेशी जाडसर गोल लागतो, चांगल्याची कड कापलेली आणि पातळ असते. तो जाड गोल जिभेला अडखळतो आणि वाइन तोंडात ओघळत येते. चांगल्या ग्लासातून ती सरळ येते.

शिशाचा प्रश्नही इथेच येतो. युरोपीय नियमानुसार 'लेड क्रिस्टल' म्हणवून घ्यायला किमान 24 टक्के लेड ऑक्साइड लागतं. शिशामुळे काच जास्त चमकते आणि कारागिराला घडवायला जास्त वेळ मिळतो. पण शिशाचं मिश्रण हाताळणाऱ्या माणसाच्या रक्तात ते जातं, आणि ग्राहकही आता विचारू लागला आहे. बेरियम, झिंक, टायटॅनियम वापरून केलेली शिसेविरहित काच आज चांगली येते. तुमच्याकडे अजून शिशाची काच असेल तर 'आजोबांपासून आहे' हे कारण पुरेसं नाही. बदलाचा खर्च काढा, तारीख ठरवा.

दुसरं: आपण नेमकं काय विकतो?

यावर घरात एकदा मोकळेपणाने बोलून घ्या, कारण काकाला वाटतं आपण काच विकतो, बहिणीला वाटतं डिझाइन, आणि सेल्सवाल्याला वाटतं नाव.

रीडलांनी याचं उत्तर शोधलं ते मोठ्या फटक्यानंतर. 1945 नंतर बोहेमियातली मालमत्ता सरकारजमा झाली, आणि आठव्या पिढीतले वाल्टर सोव्हिएत कैदेत गेले. त्यांचा मुलगा क्लाउस योझेफ युद्धकैदी होता. टिरोलमध्ये रेल्वेतून उडी मारून सुटला. त्याला तिथल्याच, क्रिस्टल काचेसाठी प्रसिद्ध असलेल्या स्वारोव्स्की घराण्याने आसरा दिला, आणि 1956 मध्ये त्यांच्याच मदतीने कुफस्टाइनचा बुडालेला कारखाना रीडलांच्या हाती आला. हातात नाव होतं, कसब होतं, आणि जुन्या मालावरची माया उरली नव्हती. क्लाउस यांनी नक्षी, रंग, कापकाम सगळं काढून टाकलं आणि ग्लासचा आकार वाइनप्रमाणे ठरवायला घेतला. 1958 चा त्यांचा बर्गंडी ग्लास एक लिटरहून जास्त मावेल एवढा मोठा आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात तो आहे. 1973 मध्ये 'सोमेलिए' ही दहा आकारांची मालिका आली. तेव्हापासून हे घराणं विकतं ते आकार, काच हे त्याचं साधन.

आता यातलं खरं किती? मालकाला हे नीट माहीत असायला हवं, कारण ग्राहकांमध्ये शिकलेली माणसं असतात. जिभेच्या टोकावर गोड, कडेला आंबट, मागे कडू असा जो नकाशा पूर्वी शाळेत शिकवायचे, तो चुकीचा ठरला आहे. चवीच्या गाठी जिभेवर सगळीकडे सगळ्या चवी ओळखतात. त्या नकाशाच्या आधारावर ग्लास विकू नका. वासाची गोष्ट वेगळी. 2015 मध्ये जपानी संशोधकांनी अल्कोहोलची वाफ दिसेल असा कॅमेरा वापरून दाखवलं की वाइन ग्लासात, साधारण 13 अंश सेल्सिअस तापमानाच्या वाइनवर, वाफेचं कडं कडेपाशी जमतं आणि मधला भाग मोकळा राहतो. म्हणजे नाक मध्ये घातलं तर अल्कोहोलचा झणका कमी आणि वाइनचा वास जास्त. साध्या सरळ पेल्यात तसं कडं दिसलं नाही. एवढं सांगा. 'प्रत्येक द्राक्षाला वेगळा ग्लास लागतोच' हे सांगताना मात्र जरा आवाज खाली ठेवा. माझं मत विचाराल तर घरात तीन आकार भरपूर झाले: पांढऱ्या वाइनला लहान, लालला मोठा, फसफसत्या वाइनला निमुळता. बाकीचे आकार हौसेचे, आणि हौसेला किंमत लावायला हरकत नाही.

तिसरं: हाताचा माल आणि मशीनचा माल

दहाव्या पिढीतल्या गेऑर्ग रीडल यांनी 1986 मध्ये 'विनुम' ही मशीनवर बनणारी मालिका आणली. वाइनप्रमाणे आकार ही कल्पना तीच, किंमत मात्र कितीतरी खाली. 2004 मध्ये त्यांनी बव्हेरियातला नाख्टमान समूह विकत घेतला, त्याबरोबर श्पीगेलाउ हे नावही आलं आणि मशीनची मोठी ताकद हाती आली. हाताने फुंकलेल्या ग्लासाने नाव कमावलं आणि मशीनच्या ग्लासाने भट्टीचं बिल भरलं, असं थोडक्यात म्हणता येईल.

तुम्हीही कधीतरी इथे याल. त्या वेळी घरातले कोणी ना कोणी म्हणणारच, 'मशीनचा माल काढला की नाव गेलं.' नाव जातं ते एकाच डब्यात दोन्ही माल घालून, ग्राहकाला फरक न सांगता विकल्याने. वेगळी मालिका, वेगळा डबा, वेगळी किंमत, आणि मशीनचा आहे हे डब्यावर स्वच्छ लिहिलेलं, एवढं पाळलं तर धोका नाही. हाताचा माल थोडा ठेवा, पण बंद करू नका. नवे आकार तिथेच जन्मतात: लाकडी साचा बदलायला फार खर्च येत नाही, मशीनचा धातूचा साचा बदलायचा म्हणजे मोठा खर्च. आधी हाताने करून पाहायचं, चार-सहा महिने लोकांना पाजून पाहायचं, मग मशीनवर न्यायचं.

भट्टीच नको असाही रस्ता आहे. व्हिएन्नाचं लोबमायर, 1823 पासूनचं काचवाल्यांचं घराणं, आजही कुटुंबाकडेच आहे. काच फुंकण्याचं काम ते बाहेरच्या कारखान्यांकडून करून घेतात. कोरीवकाम आणि झुंबरांची कार्यशाळा व्हिएन्नात स्वतःकडे. आडोल्फ लोस या वास्तुविशारदाने 1931 मध्ये त्यांच्यासाठी आखलेला पेयपात्रांचा संच अजून बनतो. ज्या घरात पुढची पिढी दोनच माणसांची आहे आणि भट्टीचा बोजा झेपत नाही, तिथे हा विचार करायला लाजू नये.

चौथं: विक्री पाजून होते

या धंद्यात जाहिरातीपेक्षा टेबल मोठं. गेऑर्ग यांनी जगभर फिरून एकच प्रयोग केला: तीच वाइन दोन-तीन वेगवेगळ्या ग्लासांत ओतायची आणि लोकांना स्वतः वास घ्यायला लावायचं. कॅलिफोर्नियाचे रॉबर्ट मोंडावी यांच्यासारखा मोठा वाइनवाला असाच पटला आणि अमेरिकेचं दार उघडलं.

असा प्रयोग करायचा तर ग्लास रिकामे, कोरडे आणि बिनवासाचे हवेत. पुठ्ठ्याच्या डब्यातून काढलेल्या ग्लासाला पुठ्ठ्याचाच वास येतो. ओतायचं थोडं, वाटीच्या सर्वात रुंद भागाच्या खालपर्यंत. समोर एक साधा प्लास्टिकचा पेलाही ठेवायचा. आणि बोलायचं कमी. 'बघा कसा वास आला' असं आधीच सांगितलं की माणूस तोच वास शोधतो. त्याने स्वतःहून सांगितलेलं जास्त टिकतं. तुलना खरी ठेवा: कधीतरी तुमचा महाग ग्लास हरेल. हरू द्या आणि लिहून ठेवा. ISO 3591 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनणारा, चवीच्या तपासणीसाठीचा 1977 चा लहान ग्लासही टेबलावर असू द्या; जाणकार पाहुणा तो मागतोच.

हॉटेलवाल्याशी बोलणं निराळं. तो सुगंधाबद्दल ऐकून घेतो आणि विचारतो, 'फुटतो किती?' बहुतेक ग्लास टेबलावर फुटत नाहीत. पुसताना एका हाताने बैठक धरून दुसऱ्या हाताने वाटी पिळली की दांडी मोडते. म्हणून वेटरना पुसायला शिकवणं हा विक्रीचाच भाग माना: वाटी धरून वाटी पुसा, मग बैठक धरून बैठक. डिशवॉशरमध्ये बसेल अशी उंची, रॅकचं माप, सुटा ग्लास पुन्हा मिळण्याची हमी, या गोष्टींवर हॉटेलची ऑर्डर टिकते. सहाच्या संचातला एक फुटल्यावर तोच आकार मिळाला नाही तर ग्राहक उरलेल्या पाचांसकट दुसऱ्याकडे जातो.

पाचवं, आणि सगळ्यात नाजूक: घर

गेऑर्ग यांनी 2013 मध्ये कारभार मुलाकडे दिला. त्याआधी माक्सिमिलियान यांनी अमेरिकेची बाजू सांभाळली होती, म्हणजे वडिलांपासून एक महासागर दूर. तिथेच 2004 मध्ये त्यांनी 'ओ' ही बिनदांडीची मालिका काढली. वाइनच्या जाणकारांनी नाकं मुरडली. ज्यांच्या कपाटात उंच ग्लास मावत नाही अशा शहरी लोकांनी घेतली. वारसाने आधी लांबच्या बाजारात जावं, तिथे स्वतःचा एक माल उभा करावा आणि मग गादीवर बसावं. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. कारागीर मालकाच्या मुलाला मान देतात, पण त्याच्या निर्णयावर विश्वास ठेवायला त्यांना असं काहीतरी दिसावं लागतं.

लेखी करून ठेवायच्या गोष्टी: शेअर कोणाचे, आणि विकायचे झाले तर पहिला हक्क कोणाचा. कारखान्यात काम करणाऱ्या नातेवाइकाला पगार कामाप्रमाणे, हिस्सेदाराला लाभांश हिश्श्याप्रमाणे. ही दोन खाती कधी मिसळायची नाहीत. वडील निवृत्त झाल्यावर कोणत्या मीटिंगला येतील आणि कोणत्या नाही. हे शेवटचं सांगायला सगळ्यांत अवघड, म्हणून ते वडिलांनाच लिहायला सांगा.

आणि आडनाव. ते ट्रेडमार्क म्हणून कोणाच्या मालकीचं आहे, कंपनीच्या की कुटुंबाच्या? झाल्टो हे ऑस्ट्रियन नाव हलक्या, पातळ ग्लासांसाठी जगभर गाजलं. त्याच घराण्यातले कुर्ट योझेफ झाल्टो आता योझेफिनेनह्युटे या निराळ्या नावाने ग्लास काढतात. गुंतवणूकदार घेण्याआधी, कर्ज काढण्याआधी, वकिलाला हा एक प्रश्न जरूर विचारा.

आपल्याकडे बघायचं तर

महाराष्ट्राला काच नवी नाही. तळेगावात पैसा फंडाचा काचकारखाना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोकवर्गणीतून उभा राहिला. कराडजवळ ओगले बंधूंच्या कारखान्यामुळे गावालाच ओगलेवाडी नाव पडलं, आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी होता. गावोगाव वीज पोचली आणि कंदिलाचं काम संपलं. ज्या घराचं नाव एकाच मालाशी बांधलेलं असतं, त्या घरातल्या वारसाने तो माल खपतोय तोवरच पुढचा शोधायला हवा.

नाशिक परिसरात राजीव सामंत यांनी 1999 मध्ये सुला ही वाइन कंपनी सुरू केल्यानंतर वाइनचा व्यवसाय वाढला, चव घेण्याच्या खोल्या आल्या, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी आली. इथे ग्लासांचा धंदा करायचा विचार असेल तर भट्टीपासून सुरुवात करू नका. लोबमायरसारखं, आकार आपला आणि काच बाहेरची. आपल्या हवेला साजेसा आकार आधी शोधा: शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ यांसारखी पांढरी वाइन मुंबईच्या उकाड्यात पटकन कोमट होते, त्यामुळे वाटी लहान हवी आणि दांडी हवीच, कारण हाताची ऊब वाटीला लागता कामा नये. बिनदांडीचा ग्लास एसी नसलेल्या गच्चीवर निरुपयोगी. नमुने करून घ्या, एखाद्या वायनरीच्या टेस्टिंग रूमच्या व्यवस्थापकाला तीन महिने वापरायला द्या, आणि पैशांऐवजी त्याच्याकडून फुटलेल्या ग्लासांचे तुकडे मागा. दांडीवर मोडले, कडेला टवकले की बैठकीत तडकले, ते तुकडे मांडून बघा. दुसरा नमुना कसा करायचा ते त्यावरून ठरवा, आणि ऑर्डर त्यानंतरच घ्या.